इथल्या मशीनचा भाव

बाहेरून येणाऱ्या कपडे धुण्याच्या मशीनवर सरकारनं नवा कर बसवला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मॅनेजरनं थोरलीच्या हातात नव्या भावपट्ट्यांचा गठ्ठा ठेवला.

"दुकान उघडायच्या आत लागल्या पाहिजेत," एवढंच तो म्हणाला.

घरगुती विजेच्या वस्तूंचं ते मोठं दुकान होतं. खाली फ्रिज आणि टीव्ही, वरच्या मजल्यावर मशीन. थोरलीचं काम भावपट्ट्यांचं. प्रत्येक मशीनच्या कपाळावर प्लास्टिकची एक खाच असे. तीतून जुनी पट्टी ओढून काढायची आणि नवी सरकवायची. विक्रेते तिला गमतीनं भावताई म्हणत. "भाव खाणारी नाही हो, भाव लावणारी," असं नव्या माणसाला समजावूनही सांगत.

रांगेत मधोमध एक करड्या रंगाचं, समोरून उघडणारं मशीन होतं. चादर, दुलई, सगळं एका दमात मावेल एवढं त्याचं पोट होतं. ते तिनं आणि नवऱ्यानं वर्ष संपताना लागणाऱ्या सेलमध्ये घ्यायचं ठरवलं होतं. घरचं मशीन म्हातारं झालं होतं. धुताना असं हादरायचं की खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन चौकशी करायचे. थोरलीनं करड्या मशीनची जुनी पट्टी काढली. नव्या पट्टीवरचा आकडा पाचव्या हिश्शानं चढलेला होता. तो तिनं नीट वाचला, पट्टी सरकवली आणि ती पुढच्या मशीनकडे गेली.

पुढच्या आठवड्यात मॅनेजरनं आणखी एक गठ्ठा दिला. ह्या पट्ट्या इथंच बनणाऱ्या मशीनच्या होत्या. आकडे त्यांचेही चढले होते.

"साहेब, ही तर इथलीच ना? ह्यांना कुठला कर?"

"ह्यांना नाही," मॅनेजर म्हणाला. तो तसा वाईट माणूस नव्हता, नुसता थकलेला असे. "पण बाहेरचं महाग झालं म्हटल्यावर ह्यांनी स्वस्तात का विकावं? कंपनीनं कळवलं, आपण लावायचं."

"आणि हे कपडे वाळवायचं यंत्र? ह्याच्यावर तर करच नाही म्हणाले होते बातम्यांत."

"ते मशीनच्या जोडीनं जातं ना. मग जोडीनंच चढलं." त्यानं खांदे उडवले. "सुक्याबरोबर ओलं जळतं ताई. लावा तुम्ही."

थोरलीनं लावल्या.

घरी आई होती. आईनं सगळं आयुष्य एका सिनेमागृहाच्या तिकीटखिडकीत काढलं होतं. चेहरा बघून कोण सिनेमा संपेपर्यंत बसेल आणि कोण मध्यंतरात उठून जाईल हे आपण सांगू शकतो, असं ती म्हणायची. वर्षापूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं जरा जड झालं, पण बोलण्यातली धार गेली नाही. आतली खोली अरुंद म्हणून तिची खाट बाहेरच्या खोलीत खिडकीशी टाकली होती, त्यामुळे घरातलं एकही बोलणं तिच्या कानावरून चुकत नसे.

थोरलीचा नवरा शाळेची बस चालवायचा. मुलं त्याला कप्तान म्हणत, आणि हळूहळू सासूसुद्धा त्याला कप्तान म्हणू लागली. मूलबाळ नव्हतं. तिघांचं घर होतं आणि दिवसाला दोन-तीन चादरी निघत. मोठ्यांचे डायपर आईच्या कातडीला सोसेनात, लाल चट्टे उठत. तेही बाहेरूनच येत आणि त्यांचाही भाव चढलेला. कपडाच वापरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून चादरी, आणि चादरीखालचे जाड कपडे.

म्हातारं मशीन गेलं ते ह्याच सुमारास. एका दुपारी ते हादरता हादरता थांबलं. पोटात पाणी तसंच राहिलं.

दुरुस्तीवाला आला. मागचं झाकण काढून, टॉर्च मारून त्यानं बराच वेळ आत बघितलं.

"ड्रम चांगला आहे. बोर्ड गेलाय."

"मग बोर्ड बदला," कप्तान म्हणाला.

"बोर्ड बाहेरून येतो. आधी आठवड्यात यायचा, आता कधी येईल सांगता येत नाही. आणि आला तरी त्याच्यावरही कर आहेच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायचा. त्यापेक्षा नवीन घ्या."

"नवीन?" कप्ताननं बायकोकडे बोट दाखवलं. "आमची हीच तर भाव लावते दुकानात. हिलाच विचारतो, घरच्यांना काही कमी करतेस का."

दुरुस्तीवाला हसला. खाटेवरून आईही हसली. थोरली बादलीत मशीनमधलं पाणी काढत होती. ती हसली नाही, रागावलीही नाही. ऐकू आलं नसावं असं कप्तानला वाटलं.

नव्या मशीनला तिचा दोन महिन्यांचा पगार लागला असता. हप्त्यानं घेतलं तर औषधांना हात लागला असता. लाँड्रीवाल्यानं आजारी माणसाच्या चादरींचा भाव वेगळा सांगितला. त्याचीही मशीन जुनी झाली होती आणि त्यालाही नवी परवडत नव्हती. तेव्हा थोरली हातानं धुऊ लागली.

सकाळी कामावर जायच्या आधी एक चादर, आल्यावर दोन. न्हाणीघरात पाटावर बसून साबण लावायचा, घासायचं, ओलं जड कापड नळाला वेढा देऊन पिळायचं. पहिले काही दिवस तिच्या पाठीत कळ यायची. मग ती येईनाशी झाली. पुढं बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या, आणि मग मुंग्याही थांबल्या. टोकं नुसती बधिर झाली. दुकानात पट्टी खाचेत बसली की नाही हे बोटांना कळेना, डोळ्यांनी बघावं लागे. दुकानाजवळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नस दबली आहे. पिळायचं काम बंद करा." थोरली "बरं" म्हणाली. घरी तिनं हे कोणाला सांगितलं नाही. सांगून पिळायचं कोणी, हा प्रश्न होताच. कप्तान त्याच्या परीनं करायचा. पण त्याची सकाळची फेरी लवकर निघे, आणि आई त्याला चादरीला हात लावू देत नसे. "जावयानं हे करायचं नाही," असं म्हणून ती चांगल्या हातानं खाटेचा कठडा आवळून धरी.

एका रविवारी धाकटी आली. धाकटी म्हणजे थोरलीची बहीण, तिच्याहून सात वर्षांनी लहान. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची. सोबत तिचा नवरा होता. तो फिटर, इथं मशीन बनवणाऱ्या कारखान्यातच. मध्यंतरी कारखान्यानं अर्धी माणसं घरी बसवली होती, त्यांत तोही होता. त्या काळात दर रविवारी ही दोघं थोरलीकडे जेवायला यायची आणि जाताना थोरली डबा भरून द्यायची. फिटर तेव्हा मान वर करून बोलत नसे.

आज तो हातात केकचा खोका घेऊन आला होता.

"लाइन सुपरवायझर केलं ताई, मला!" दारातच त्यानं सांगितलं. "परत बोलावलं, आणि वर बढती. शिवाय रोज ओव्हरटाइम."

"अभिनंदन साडूभाऊ!" कप्ताननं त्याला मिठी मारली, आणि ती खरी होती.

"जावईबापू, इकडे या," आई म्हणाली. "मला बघू द्या, सुपरवायझर कसा दिसतो ते."

फिटर खाटेशी बसून भरभरून बोलत राहिला. "बाहेरचं तयार मशीन आमच्या नुसत्या लोखंडाच्या किमतीत दुकानात येऊन पडायचं हो. आम्ही काय करणार? हा कर लागला म्हणून आमची चूल पेटली. लोक नावं ठेवतात. ठेवू देत. दोन वर्षं घरी बसून बघा म्हणावं."

"खरं आहे," थोरली म्हणाली. तिनं केक कापला आणि सगळ्यांना दिला. तिला खरंच तसं वाटत होतं, किंवा वाटायला हवं हे कळत होतं. त्या दोन्हींत फरक काय, ते तिला त्या वेळी सांगता आलं नसतं.

धाकटी हात धुवायला न्हाणीघरात गेली आणि तिथंच थांबली. बाहेर आली ती हात न पुसताच.

"ताई, मशीन कधीपासून बंद आहे?"

"झाले थोडे दिवस."

"थोडे? बादल्यांचे तळ घासून गेलेत. हात दाखव."

"असू दे गं."

धाकटीनं तिचा हात ओढून घेतला. बोटांच्या पेरांवर कातडी उकलली होती. धाकटीनं एका चिरेवर अंगठा दाबला. थोरलीनं हात मागं घेतला नाही.

"दुखत नाही?"

"नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं?"

फिटरनं बशी खाली ठेवली. त्याचा चेहरा उतरला होता. "कामगारांना कंपनीच्या भावात मिळतं एक मशीन," तो चाचरत म्हणाला. "पण आता सगळा माल दुकानांत जातोय. कामगारांची यादी लांबलीय. मी नाव घालतो, पण सहा-आठ महिने तरी..."

"साडूभाऊ, तुमचा काय दोष त्यात," कप्तान म्हणाला. "तुम्ही केलंत, तिनं भाव लावला, मी विकत घेतलं नाही. घरातल्या घरात सगळा बाजार झाला."

कोणी हसलं नाही. मग धाकटी म्हणाली, "आईला मी नेते."

कप्ताननं बायकोकडे बघितलं. थोरली केकचा खोका बंद करत होती.

"मुलगी वसतिगृहात गेल्यापासून तिची खोली रिकामीच आहे," धाकटी भराभर बोलत सुटली. "आमचं मशीन नवं आहे. ह्यांचा पगार आता वेळेवर येतो. मी घरीच असते. तू किती दिवस अशी करणार? तू पडलीस तर भावोजी कोणाकोणाला बघतील?"

"बघू," थोरली म्हणाली.

खिडकीकडून आईचा आवाज आला. "मला विचारणार आहे का कोणी? का मीही सामानातच धरलेय?"

त्या दिवशी ते बोलणं तिथंच थांबलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोरली कामावरून आली, तिनं आईला कुशीवर वळवलं आणि चादर काढू लागली. आई भिंतीकडे तोंड करून होती. तशीच ती म्हणाली, "मी जाते धाकटीकडे."

"तुला जायचंय?"

"जायचं नाही. जाते."

थोरलीनं ओली चादर गोळा केली, कोरडी पसरली, तिचे कोपरे गादीखाली खोचले.

"आधी तू हे करताना बोलायचीस," आई म्हणाली. "मॅनेजर असं म्हणाला, गिऱ्हाईक तसं भांडलं. मी वाट बघायचे. अंगावरचं फेडतात आणि आपण हसतोय, म्हणजे लाज वाटायला वेळच नाही. आता तू येतेस, उचलतेस, वळवतेस, जातेस. चिडतही नाहीस. चिडलीस तरी चाललं असतं मला. मध्यंतरात उठून गेलेल्या माणसाची खुर्ची असते बघ, तशी दिसतेस तू."

थोरली उभी राहिली. ह्यावर काहीतरी म्हणायला हवं होतं. "तसं नाही आई," म्हणायला हवं होतं. तिनं आत शोधलं, पण हाताला काही लागलं नाही.

"पाणी देऊ?" तिनं विचारलं.

"दे," आई म्हणाली.

आईला न्यायचा दिवस कामाचाच निघाला. फिटरला दुसऱ्या कुठल्या दिवशी सुट्टी नव्हती, आणि गाडी ओळखीच्या माणसाची होती, तो सांगेल तेव्हाच मिळायची. थोरलीनं मॅनेजरकडे अर्धा दिवस मागितला. फ्रिजचे भाव बदलायचे आहेत, दुपारनंतर या, पण याच, असं तो म्हणाला.

आईला लाकडी खुर्चीत बसवून, कमरेला ओढणी बांधून जिन्यानं खाली न्यायचं ठरलं. पुढं फिटर, मागं कप्तान. थोरली एक-एक पायरी पुढं उतरत, आईचा लुळा पाय सांभाळत होती. प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी दार उघडून उभं होतं. खालच्या मजल्यावरच्या बाई, ज्या मशीनच्या हादऱ्यांनी वर यायच्या, त्या डोळे पुसत होत्या.

"रडताय काय," आई त्यांना म्हणाली. "आधी मशीन गेलं, आता मी. तुमचं छत पार शांत."

वळणावर खुर्ची तिरकी झाली. आईनं चांगल्या हातानं कठडा पकडला आणि ओरडली, "कप्तान, ब्रेक!" कप्तान हसू लागला. हसता हसता त्याला धाप लागली आणि पायरीवर खुर्ची टेकवून सगळे थांबले. तेव्हा थोरलीला दिसलं की तो हसत नाहीये. त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि पुन्हा खुर्ची उचलली.

गाडीच्या मागच्या सीटवर आईला आडवं केलं. धाकटी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. औषधांची पिशवी कुठली, पाठीला कोणतं मलम, कुशीवर वळवताना उशी कुठं लावायची, हे थोरलीनं तिसऱ्यांदा सांगितलं. आईनं तिच्याकडे बघून मान हलवली. दार बंद झालं. गाडी वळली.

थोरलीनं घड्याळ बघितलं आणि ती दुकानाकडे जायच्या रस्त्याला लागली.

त्या दुपारी फ्रिजच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ तिच्याजवळ आले. सोबत सून होती. ती त्यांना मागं ओढत होती.

"गेल्या महिन्यात बघून गेलो होतो हाच," ते म्हणाले. "तेव्हा केवढ्याला होता आणि आता केवढ्याला? लुटता का लोकांना?"

"बाबा, त्यांच्या हातात काय आहे?"

"त्यांच्याच तर हातात आहे! बघ ना!"

थोरलीच्या हातात नवी पट्टी होती. ती सरकवायची राहिली होती. "ही लावली की आणखी वाढेल," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता काउंटरवर जाऊन बिल करा. पट्टी जुनी आहे तोवर ते जुनाच भाव धरतात."

मग सुनेनं त्यांना दंडाला धरून काउंटरकडे नेलं. त्यांचं बिल होऊन ते दाराबाहेर पडेपर्यंत थोरली पट्टी हातात धरून उभी राहिली. लांबून मॅनेजर बघत होता. मग त्यानं पाठ फिरवली.

घर एकदम मोठं झालं. खाट काढून भिंतीला उभी केली. थोरली कामावरून येई, चहा करी, आणि मग काय करायचं ते तिला सुचत नसे. दोन माणसांचे कपडे कितीसे असतात! बोटांच्या चिरा भरून आल्या. टोकांना थोडी थोडी जाणीव आली, पहिल्यांदा कळली ती चहाच्या कपाची गरम कड. सुटका झाली असं वाटेल म्हणून तिनं वाट बघितली. मग वाईट वाटेल म्हणून वाट बघितली. शेजारणी विचारत, "करमत नसेल ना?" ती "नाही हो" म्हणे, आणि त्याचा अर्थ ज्याला जो हवा तो त्यानं घ्यावा.

रविवारी दोघं धाकटीकडे जात. दोन बस बदलाव्या लागत. आईची खोली उजेडाची होती. भिंतीवर भाचीच्या शाळेतली प्रशस्तिपत्रं तशीच होती. पलीकडच्या खोलीत मशीन चालू असे, त्याचा आवाज म्हणजे नुसती घरघर, अगदी हळू. आई जावईबापूंना जुन्या सिनेमांच्या गोष्टी सांगे. एकदा तिनं एकाच खेळाला एका माणसाला दोन वेगवेगळ्या बायकांबरोबर तिकीट दिलं होतं, ती गोष्ट ऐकून फिटर खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. थोरलीनं ही गोष्ट कधी ऐकली नव्हती.

मग एका रविवारी फिटर गप्प होता.

"काय झालं साडूभाऊ?" कप्ताननं विचारलं.

"पत्रा," फिटर म्हणाला. "आता बाहेरच्या पत्र्यावरही कर बसवलाय. मशीनची बॉडी सगळी पत्र्याची. बाहेरचा महाग झाला म्हणून इथल्या गिरणीनंही भाव वाढवला. मालक म्हणतो, आता ह्याहून महाग विकलं तर गिऱ्हाईक फिरकणार नाही. ओव्हरटाइम बंद केला. नव्यानं घेतलेली पोरं काढली."

"आणि तुम्ही?"

"मी आहे. अजून आहे."

धाकटी चहाचा ट्रे घेऊन आली. तिनं तो जरा जोरात ठेवला.

त्याच्या पुढच्या आठवड्यात थोरली घरी आली तर न्हाणीघराशी एक मशीन उभं होतं. जुनंच, कोणाच्या तरी घरातलं, एका कोपऱ्यावर पोचा आलेला. कप्तान ओल्या बाह्यांनी पाइप जोडत होता.

"शाळेतल्या शिपाईदादांची मुलगी घर बदलतेय," तो म्हणाला. "तिला न्यायचं नव्हतं. फुकट नाही दिलं, पण दुकानातल्यासारखं लुटलंही नाही. चालवून बघितलं. चादर मावते."

थोरलीनं पोच्यावर हात ठेवला.

"आणू या ना आईला परत?" कप्तान म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मला घरात आल्या आल्या शिव्या खायची सवय झाली होती."

"विचारते," थोरली म्हणाली.

रविवारी धाकटीच्या घरात शिरताना दार उघडंच होतं. कप्तान बाहेरच फिटरशी बोलत थांबला. थोरली सरळ आईच्या खोलीकडे गेली आणि उंबऱ्यापाशी थांबली. धाकटी आईला कुशीवर वळवून चादर ओढत होती. धाकटीचं तोंड भिंतीकडे फिरवलेलं. ओठ घट्ट मिटलेले. तिनं कापड गोळा केलं, दुसरं पसरलं, एक शब्द बोलली नाही. मागं वळली आणि तिला थोरली दिसली.

"कधी आलीस?"

"आत्ताच."

धाकटीनं चादरीचा बोळा छातीशी धरला. "मशीन आहे म्हणून वाटलं होतं सोपं जाईल," ती हलक्या आवाजात म्हणाली. "धुणं काहीच नाही गं ताई. बाकीचंच..."

थोरलीनं तिच्या हातातून बोळा घेतला, मशीनमध्ये टाकला, झाकण लावलं आणि बटण दाबलं. धाकटी स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसली. थोरली आईजवळ येऊन बसली.

"आई, कप्ताननं मशीन आणलंय. घरी येतेस?"

आईनं विचारलं, "बरं आहे का मशीन?"

"जुनं आहे. पण चालतं."

"नको," आई म्हणाली. "त्या जिन्यानं मी एकदाच उतरले. परत चढवाल तेव्हा कप्तानची छाती फुटेल. आणि उद्या पुन्हा काहीतरी महाग होईल, मग पुन्हा खुर्ची बांधाल. माणसाला असं सारखं इकडून तिकडं करू नये."

"इथं बरं वाटतंय?"

"धाकटी दमलीय," आई म्हणाली. "तिला सांगू नकोस मी म्हणाले म्हणून."

थोरली उठून स्वयंपाकघरात गेली. धाकटी तशीच बसली होती, हात मांडीवर उताणे पडलेले.

"शनिवारी कामावरून मी सरळ इकडे येत जाईन," थोरली म्हणाली. "रविवारी संध्याकाळपर्यंत आईचं सगळं मी बघेन. तू तेवढा वेळ घरात थांबायचंही नाहीस. दोघं बाहेर जा."

"तुझी बोटं?"

"पिळायचं थोडंच आहे इथं."

धाकटीनं तिच्या पोटाशी डोकं टेकवलं. थोरलीनं तिच्या केसांवर हात ठेवला. केस ओलसर होते, आणि ते ओलसर आहेत हे बोटांना कळत होतं. ती तशी उभी राहिली. मशीन थांबल्याचा आवाज आला, तरी लगेच हलली नाही.

परतीच्या बसमध्ये कप्ताननं खिडकीची जागा तिला दिली. तो दुसऱ्याच्या बसमध्ये नेहमी ड्रायव्हरच्या हातांकडे बघत बसे, आजही तसाच बसला होता. तीन थांबे गेल्यावर त्यानं विचारलं, "काय म्हणाल्या?"

"नाही म्हणाली."

"हं."

आणखी एक थांबा गेला.

"मग ते मशीन? परत करू?"

"कशाला," थोरली म्हणाली. "आपलेही कपडे असतातच की."